लुई ब्रेल : बोटांची लिपी घडवणारा मुलगा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीच्या स्थापनेची हकिगत, टँकरच्या दिवसांच्या आठवणी, गणेशोत्सवातली नाटकं हे सगळं येणारच. ते लिहायला माझ्याहून जुनी आणि जाणती मंडळी आपल्यात आहेत. संपादक मंडळानं मला विषय विचारला, तेव्हा मी लुई ब्रेलचं नाव सांगितलं. ब्रेल लिपी हा शब्द आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेला असतो. पण ब्रेल हे एका माणसाचं आडनाव आहे, त्यानं ही लिपी वयाच्या पंधराव्या वर्षी तयार केली, आणि ती मान्य झालेली पाहायला तो स्वतः जिवंत नव्हता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. माझ्या घरात ही लिपी रोज वापरात आहे. ती कशी, ते पुढे सांगेनच. आधी लुईची गोष्ट.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधल्या कूव्रे नावाच्या छोट्या गावात झाला. पॅरिसपासून हे गाव साधारण ४० किलोमीटरवर. वडील सिमों-रेने हे घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवणारे कारागीर होते. आईचं नाव मोनिक. चार भावंडांत लुई सगळ्यात धाकटा. घरालाच लागून वडिलांची कामाची खोली होती आणि तिथे चामडं कापायची, भोकं पाडायची टोकदार हत्यारं असायची. लुई तीन वर्षांचा असताना वडिलांचं बघून त्यानं त्यातलं एक हत्यार हातात घेतलं, ते निसटलं आणि डोळ्यात घुसलं. तेव्हाच्या औषधपाण्यानं काही उपयोग झाला नाही. त्या डोळ्याची बाधा दुसऱ्या डोळ्याला झाली आणि पाच वर्षांचा होईपर्यंत पोराची नजर पूर्ण गेली.

त्या काळात गरीब घरातल्या आंधळ्या मुलाचं भविष्य ठरलेलं असे. देवळाच्या, म्हणजे तिकडे चर्चच्या, पायरीवर बसून हात पसरणं. लुईच्या आईवडिलांनी मात्र त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही. हातात काठी देऊन त्याला गावातून फिरायला शिकू दिलं. गावच्या धर्मगुरूंनी त्याला शिकवायला सुरुवात केली आणि मग गावच्या साध्या शाळेत, डोळस मुलांच्या बरोबरीनं, त्याला बसायला मिळालं. एकदा कानावर पडलेलं तो विसरत नसे. पण शाळेत वाचायची वेळ आली की बाकीची मुलं पुस्तक उघडत आणि लुई हात मांडीवर ठेवून बसे.

इथे थोडं मागे जाऊन आणखी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. व्हॅलेन्टिन हाऊई. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत त्यानं एक तमाशा पाहिला. काही अंध माणसांना विचित्र टोप्या आणि पुठ्ठ्याचे मोठाले चश्मे घालून बसवलं होतं. समोर संगीताचे कागद उलटे लावले होते, आणि हातात वाद्यं देऊन त्यांना बेसूर वाजवायला लावलं होतं. लोक पोट धरून हसत होते. हाऊईला ते सहन झालं नाही. पुढे १७८० च्या दशकात त्यानं पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली. जगातली अशी ही पहिली शाळा.

याच शाळेत १८१९ च्या फेब्रुवारीत दहा वर्षांचा लुई दाखल झाला. इमारत जुनी, ओल धरलेली. त्या ओलीनं अनेक मुलांच्या तब्येती बिघडत. पण इथे संगीत होतं, हातकाम होतं आणि मुख्य म्हणजे अंधांना वाचता येतील अशी पुस्तकं होती. लुईला त्याचंच सगळ्यात जास्त अप्रूप होतं.

ही पुस्तकं हाऊईनं बनवलेली. आपली नेहमीची छापील अक्षरं त्यानं मोठी करून ओल्या जाड कागदावर दाबून उठवली होती. बोट फिरवलं की अक्षराचा उंचवटा लागायचा. कल्पना चांगली होती, पण वापरताना अडचण यायची. एकेका अक्षराच्या कडेनं बोट फिरवून ते ओळखायचं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायची वेळ यायची. अक्षरं मोठी, कागद जाड, त्यामुळे पुस्तकं अवजड आणि महाग, म्हणून शाळेत ती मोजकीच होती. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे ह्या पद्धतीनं अंध मुलाला स्वतःला काही लिहिता येत नव्हतं. वाचायचं तेवढं, तेही दुसऱ्यानं छापून दिलेलं.

मग ही पद्धत इतकी वर्षं टिकली कशी? मला वाटतं, ती बघणाऱ्यांच्या सोयीची होती म्हणून. शिक्षक डोळस होते, त्यांना ती अक्षरं नजरेनं वाचता येत. शाळेत पाहुणे येत, देणगीदार येत, त्यांच्यासमोर मुलं बोटांनी वाचून दाखवत आणि पाहुण्यांनाही पुस्तकात काय आहे ते दिसे. सगळे समाधानानं घरी जात. पुस्तक वाचणाऱ्या मुलाला ते कितपत जमतंय, हा प्रश्न मागे पडायचा. हाऊई मनानं फार चांगला माणूस होता, त्याच्या कामाची किंमत कमी करायची नाही. पण अंधांनी वाचायचं कसं हे डोळसांनी ठरवलेलं होतं.

१८२१ साली शाळेत शार्ल बार्बिए नावाच्या, सैन्यात तोफखान्यात काम केलेल्या गृहस्थांची एक नवी पद्धत आली. तिच्यात अक्षरं नव्हतीच, नुसते कागदावर उठवलेले ठिपके होते. लुई तेव्हा बारा वर्षांचा. बोटाला रेषेपेक्षा ठिपका चटकन समजतो, हे त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या लगेच ध्यानात आलं. शिवाय ठिपके टोचून लिहिताही येत होतं. पण ह्या पद्धतीतही अडचणी होत्या. एका खुणेत बारापर्यंत ठिपके, सहा-सहाच्या दोन उभ्या रांगा. त्या एका बोटाखाली मावत नसत, बोट वर-खाली करत बसावं लागे. खुणा उच्चारांच्या होत्या, त्यामुळे शब्दाचं नीट शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत. जणू अंधांना कामापुरता निरोप कळला म्हणजे झालं, व्याकरण आणि गणित त्यांना कशाला!

लुईला व्याकरण हवं होतं, गणित हवं होतं आणि संगीतही हवं होतं. पुढची तीन वर्षं त्यानं हाच उद्योग केला. दिवसा शाळा, रात्री बाकीची मुलं झोपली की कागद आणि टोचणी. सुट्टीत कूव्रेला गेला तरी तेच. १८२४ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी उभी राहिली होती.

ती कशी आहे ते सोप्या शब्दांत सांगतो. खेळातल्या फाशावर सहाचा आकडा आठवा. तीन-तीन ठिपक्यांच्या दोन उभ्या रांगा. बस, एवढंच घर. त्यातले कोणते ठिपके उठवायचे आणि कोणते सोडायचे, यावरून अक्षर ठरतं. हे घर बोटाच्या टोकाखाली एका वेळी पूर्ण मावतं, बोट हलवावं लागत नाही. सहा ठिपक्यांतून ६३ वेगवेगळ्या खुणा होतात. तेवढ्यात मुळाक्षरं, विरामचिन्हं, आकडे सगळं बसतं. मांडणीही हिशेबी आहे. पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार ठिपक्यांची. त्याच दहांना खालचा एक ठिपका जोडला की पुढची दहा. त्यामुळे पाठ करायला सोपं. आणि लिहिताना कागद एका पट्टीत अडकवून मागच्या बाजूनं उजवीकडून डावीकडे टोचत जायचं. कागद उलटला की उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचता येतात.

१८२९ साली, विसाव्या वर्षी, लुईनं ही पद्धत पुस्तकरूपानं मांडली. शब्द आणि संगीत दोन्ही ठिपक्यांनी कसं लिहायचं ते त्यात होतं. गंमत म्हणजे ते पुस्तक त्याला छापावं लागलं हाऊईच्या उठावाच्या अक्षरांत, कारण ठिपके वाचणारं त्याच्या शाळेबाहेर कोणी नव्हतं. बार्बिएंच्या पद्धतीवरूनच आपल्याला हे सुचलं, याचा कृतज्ञ उल्लेख त्यानं त्यात केला आहे.

लुई त्याच शाळेत शिक्षक झाला. शिकवण्यात तो मुलांचा लाडका होता. ऑर्गन उत्तम वाजवायचा आणि पॅरिसच्या एका मोठ्या चर्चमध्ये वादक म्हणून त्याची नेमणूकही झाली होती. मुलांनी त्याची लिपी केव्हाच उचलली होती. त्यांना आता धड्याच्या टिपणी घेता येत होत्या, एकमेकांना चिठ्ठ्या लिहिता येत होत्या. १८३७ साली ह्या लिपीतलं पहिलं पुस्तक शाळेनं छापलं, फ्रान्सच्या इतिहासाचं. तेव्हाचे संचालक पिन्ये यांचा लुईवर लोभ होता. सरकारी मान्यता मात्र नव्हती.

१८४० मध्ये पिन्येंना जावं लागलं. नवे संचालक द्युफो आले आणि वारं फिरलं. ब्रेलच्या लिपीला शाळेत बंदी झाली आणि पुन्हा उठावाची अक्षरं आली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं वरवर पाहता पटण्यासारखंच होतं. अंधांची लिपी वेगळी केली तर ते जगापासून आणखी तुटतील, असं त्यांना वाटे. डोळस शिक्षकांना नवी लिपी शिकावी लागेल, हीही अडचण होतीच. पण ज्यांना ती वापरायची होती त्या मुलांना कोणी विचारलं नाही. मुलांनी काय केलं? लपूनछपून ठिपके टोचत राहिली. मोठी मुलं धाकट्यांना शिकवत राहिली. हातातली लिपी काढून घेता येते, बोटांना झालेली सवय काढून घेता येत नाही.

अंध आणि डोळस तुटतील या आक्षेपाला लुईनं दिलेलं उत्तर मला फार आवडतं. १८३९ साली त्यानं आणखी एक पद्धत काढली. यात ठिपके असे मांडायचे की त्यांतून आपलं नेहमीचं छापील अक्षर दिसावं. म्हणजे अंध मुलगा घरच्यांना स्वतःच्या हातानं पत्र लिहू शकेल आणि आईवडील ते डोळ्यांनी वाचू शकतील. पद्धत किचकट होती, एकेका अक्षराला बरेच ठिपके टोचावे लागत. तेव्हा पिएर फूको नावाच्या त्याच्या अंध मित्रानं त्यासाठी यंत्र बनवलं. टाइपरायटर घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आपण डोळस लोक त्यांच्याकडे जायला तयार नव्हतो, तर तो पूलही त्यांनीच बांधला.

१८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीचा समारंभ झाला. द्युफोंचे सहायक ग्वादे यांनी दरम्यान मुलांचं काम जवळून पाहिलं होतं आणि त्यांचं मत बदललं होतं, त्यांनी वरिष्ठांचंही मन वळवलं. त्या दिवशी जमलेल्या लोकांसमोर ब्रेल लिपीचं प्रात्यक्षिक झालं आणि लुईचं नाव जाहीरपणे घेतलं गेलं. बंदी संपली.

तोवर लुईच्या छातीत क्षयानं घर केलं होतं. विशी-पंचविशीतच दुखणं सुरू झालं होतं. मधूनमधून गावी जाऊन विश्रांती घ्यायची, थोडं बरं वाटलं की परत शिकवायला यायचं, असं चाललं होतं. पुढे शिकवणंही जवळजवळ बंद झालं. ६ जानेवारी १८५२ रोजी तो गेला. त्रेचाळीस पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. त्याच्या चरित्रात एक हकिगत येते. त्याच्या मागे एक छोटी पेटी राहिली होती, न उघडता जाळून टाकावी अशी त्याची इच्छा होती. लोकांनी ती उघडलीच. आत विद्यार्थ्यांना वेळोवेळी उसने दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या. कोणाकडे वसुली होऊ नये म्हणून त्याची ही खटपट.

१८५४ मध्ये, मृत्यूनंतर दोन वर्षांनी, त्याच्या शाळेनं त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १८७८ साली पॅरिसच्या परिषदेत अनेक देशांनी तिला पाठिंबा दिला. आणि १९५२ साली, शंभर वर्षांनी, फ्रान्सनं त्याचे अवशेष कूव्रेहून नेऊन पँथिऑनमध्ये, देशाच्या थोर माणसांच्या शेजारी ठेवले. हेलन केलर त्या समारंभाला हजर होत्या. कूव्रेनं मात्र एक गोष्ट स्वतःकडे ठेवून घेतली. त्याचे हात. ते आजही गावातल्या त्याच्या जुन्या थडग्यात आहेत.

आपल्याकडे ही लिपी आली तेव्हा वेगवेगळ्या भाषांसाठी लोकांनी वेगवेगळ्या पद्धती केल्या, आणि बराच गोंधळ झाला. स्वातंत्र्यानंतर युनेस्कोच्या मदतीनं तो मिटला आणि १९५१ साली सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. उच्चार तोच असेल तर ठिपके तेच. मराठीतला क, तमिळमधला क आणि इंग्रजीतला के, तिन्ही एकाच खुणेचे. आपल्या वेलांट्या-उकार ब्रेलमध्ये अक्षराच्या वर-खाली-मागे न जाता, उच्चारात येतात तसे अक्षरानंतर ओळीत बसतात. त्यामुळे ‘कि’ लिहिताना आधी क येतो आणि मग इ. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आपल्या मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था सुरू झाली. २००९ साली ब्रेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली, तेव्हा भारत सरकारनं त्याच्या चित्राचं दोन रुपयांचं नाणं काढलं. घरात जुनी चिल्लर असेल तर जरूर शोधा.

आता माझ्या घराबद्दल. माझी आई गेली अकरा वर्षं पाहू शकत नाही. काचबिंदू होता, कळला तेव्हा उशीर झाला होता. (चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब वर्षातून एकदा तपासून घ्या, हे जाता जाता सांगतो. काचबिंदू दुखत नाही, म्हणून कळत नाही.) आई त्रेसष्टाव्या वर्षी ब्रेल शिकली. त्या वयात बोटं जाड झालेली असतात, पुस्तकं वाचण्याइतका वेग तिला आला नाही. पण औषधांच्या डब्यांवर ठिपक्यांच्या चिठ्ठ्या आहेत, आणि सकाळची गोळी कोणती, रात्रीची कोणती, हे ती मला न विचारता बघते. ‘बघते’ हाच शब्द ती वापरते. पुस्तकांसाठी मोबाइल बोलका केला आहे, तो तिला दिवसभर वाचून दाखवतो.

आपले शेजारी प्रेमळ आहेत. आईला हाताला धरून रस्ता ओलांडून देणारी मुलं ह्याच सोसायटीत वाढली. पण एक गोष्ट मी सतत पाहतो. आम्ही दोघं कुणाकडे गेलो, की आईला चहा चालेल का, साखर किती, त्यांना पंख्याचा वारा लागतोय का, हे सगळं मला विचारलं जातं. आई शेजारीच बसलेली असते. तिचे डोळे गेलेत, कान आणि मत शाबूत आहे. कोणाच्या मनात वाईट नसतं. लुईच्या शाळेतल्या त्या डोळस मंडळींच्याही मनात वाईट नव्हतं. ज्याचा प्रश्न आहे त्यालाच विचारायचं, एवढीच सवय त्यांना नव्हती.

हे आत्ता लिहायचं कारणही आहे. रौप्यमहोत्सवी वर्षात आपण दोन्ही विंगच्या लिफ्ट बदलतो आहोत. आलेल्या नमुन्यांमध्ये एक काचेसारखं गुळगुळीत, स्पर्शावर चालणारं पॅनेल आहे. दिसायला फार देखणं आहे आणि बऱ्याच जणांना आवडलं आहे. पण त्यावर बोटाला काहीच लागत नाही. जुन्या लिफ्टमध्ये आई बटणाशेजारचे ठिपके चाचपून एकटी खाली जाते, भाजी आणते, बाकावर मैत्रिणींबरोबर बसते. गुळगुळीत पॅनेल आलं तर तिला प्रत्येक वेळी कोणाची तरी वाट बघत उभं राहावं लागेल. उठावदार बटणं, शेजारी ब्रेलचे ठिपके आणि मजला बोलून सांगणारा आवाज, एवढी मागणी मी वार्षिक सभेत मांडणार आहे. त्याआधी समितीनं एकदा आईशी आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या आपल्या दुसऱ्या ज्येष्ठ सभासदांशी बोलावं. बटणं किती उंचीवर हवीत हे ते जास्त नीट सांगतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. सगळ्यांच्या गरजा सारख्या नसतात, म्हणून विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि वय तर आपलं सगळ्यांचंच वाढतं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी जिने धावत चढणारे आपण आज कठडा धरून चढतोच की.

दोन बारीक गोष्टी खर्चाच्या नाहीत. पॅसेजमधले चपलांचे स्टँड आणि कुंड्या एकाच बाजूला, नेहमी त्याच जागी असू द्या. आणि आईला भेटलात की आधी आपलं नाव सांगा. आवाज ओळखण्याची परीक्षा तिला आवडत नाही.

शेवटी बच्चेकंपनीसाठी निमंत्रण. रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्याकडे या. आजी तुम्हाला ब्रेलमध्ये स्वतःचं नाव टोचायला शिकवणार आहेत. जाड कागद घरून आणा, पट्टी आणि टोचणी आमच्याकडे आहे. मोठ्यांनीही यायला हरकत नाही.

सोसायटीच्या पंचविशीच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा.